आधी तात बघ

आमचा मूळ धंदा कापूस पिंजण्याचा. दादाजान खांद्यावर पिंजण टाकून कृष्णाकाठची गावे फिरत. तातीचा आवाज वेशीपाशी आला की बाया जुन्या गाद्या उसवून कापूस अंगणात काढून ठेवीत, असे अब्बा सांगत. मी दादाजानना पाहिले ते त्यांच्या म्हातारपणी. गावोगाव फिरणे तेव्हा थांबले होते. सांगलीत आमच्या गादीच्या दुकानात ते बसून असत. एके दिवशी माझा मोठा भाऊ त्यांच्यापुढे पिंजायला बसला होता. कापूस काही केल्या फुलेना. भाऊ कंटाळून म्हणाला, "कपासच खराब है." दादाजाननी मानही वर केली नाही. एवढेच म्हणाले, "कपासकू नाम नको रख. पैले तांत देख."

तात सैल झाली होती. ती ताणून बांधली आणि त्याच कापसाचा ढीग बघता बघता फुगला.

पुढे मी शिकलो, बी.एड. केले आणि उर्दू हायस्कुलात विज्ञान शिकवू लागलो. भावाने सातवीतच शाळा सोडली आणि दुकान सांभाळले. घरात शिकलेला मी एकटा. त्यामुळे कुठला अर्ज असो, बँकेचे काम असो की मोबाइलचे, "मास्टरकू पूछो" हा घराचा रिवाज पडला. आपल्याला विचारले जाते याचा मला मनातून अभिमान होता. तो 2023 सालच्या जूनमध्ये उतरला.

भावाची मुलगी शिफा तेव्हा बारावीत गेली होती. पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढून ठेवा, असे तिला कॉलेजात सांगितले होते. आपल्यातल्या ज्यांनी हा दाखला काढला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. अब्बा शिकले ते सांगलीतल्या शाळेत. तिथल्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'मुसलमान'. आपल्या हजारो घरांची हीच गत आहे. मास्तरांनी विचारले नाही, बापाने सांगितले नाही आणि पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी हे सगळे त्या एका शब्दात झाकले गेले. मी स्वतः कधी दाखल्याच्या भानगडीत पडलो नाही. बी.एड.चा अर्जही खुल्या प्रवर्गातून भरला होता.

पण अब्बा दूरचे पाहणारे होते. 2018 मध्ये ते एकटेच एस.टी.ने कुठल्याशा गावी गेले आणि दादाजानच्या शाळेच्या रजिस्टराचा उतारा घेऊन आले. दादाजान लहानपणी आपल्या मामाकडे राहून तीन वर्षे मराठी शाळेत शिकले होते. तिथल्या मास्तरांनी जातीच्या रकान्यात 'मुसलमान पिंजारी' असे स्वच्छ लिहिले होते. अब्बांनी तो कागद ट्रंकेत ठेवला आणि नव्यानेच घेतलेल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला. "बच्च्यांको काम आएगा," म्हणाले. मी हसलो होतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. माणसे वाचली, दुकानातला कापूस आणि ती ट्रंक वाचली नाही. मे 2021 मध्ये अब्बाही गेले. दादाजानच्या मामाचे गाव कोणते, हे ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला. भावाला इतकेच आठवत होते, "तासगावके आगे किधर तो." गावाचे नाव, शाळा, रजिस्टर नंबर, सगळे आता एकाच ठिकाणी उरले होते. अब्बांच्या मोबाइलमध्ये.

तो मोबाइल भावाच्या धाकट्या मुलाकडे, अयानकडे होता. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा चौथीतला अयान दादाच्या मांडीला टेकून त्याच मोबाइलवर वर्ग करी. अब्बा गेल्यावर त्याने तो आपल्या कपाटात ठेवला होता. मी मागितला तसा त्याने मुकाट्याने आणून दिला, वायरसकट.

मोबाइल सुरू झाला, पण त्याची मेमरी काठोकाठ भरली होती. फोटोंची गॅलरी उघडायला जावे की क्षणभर काळा पडदा दिसे आणि ती आपोआप बंद होई. बॅटरी इतकी कमजोर की वायर काढली की दोन मिनिटांत फोन झोपे. फोटो वेगळ्या कार्डावर नव्हते, मोबाइलच्या पोटातच होते. उपाय एकच. मोबाइल कॉम्प्युटरला जोडायचा आणि फोटो बाहेर काढायचे. लॉकडाऊनमध्ये घेतलेला जुना कॉम्प्युटर घरी होता. मी वायर लावली. मोबाइलवर चार्जिंगचे चिन्ह आले. कॉम्प्युटर मात्र गप्प. पुन्हा काढली, पुन्हा लावली. तेच.

भाऊ शेजारी उभा होता, शिफा दारात. मास्तर आता काय करतो, हे सगळे पाहत होते. आणि मास्तरने काय केले? अयानकडे वळून म्हणाला, "गेमा खेळ-खेळके तूच वाट लगाया इसकी. जोरसे खेंचता वायर, इसलिए पिन टूटी."

"मै कुछ नै कर्या, चच्चा," तो म्हणाला.

"फिर कौन कर्या?"

तो काही बोलला नाही. उठून बाहेर गेला. त्या रात्री जेवायलाही उशिरा आला.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने दिव्याखाली धरून पाहिले आणि सांगितले, कनेक्टर गेला, आठ दिवस ठेवून जा, फोटो राहतील याची खात्री नाही. त्या मोबाइलमध्ये आमच्या अम्मीचे, भाभीचे, घरच्या लग्नांचे फोटो होते. परक्या हाती आठ दिवस कसा ठेवायचा? मी तो परत आणला.

त्या रात्री, का कुणास ठाऊक, दादाजान आठवले. मी कागद घेतला आणि पाठाचे टाचण काढतो तसे लिहून काढले. मोबाइलपासून कॉम्प्युटरपर्यंत किती टप्पे? कॉम्प्युटर, त्याची खाच, वायर, मोबाइलची खाच, मोबाइलच्या आतली मांडणी. पाच. मी यातले एकही तपासले नव्हते आणि निकाल मात्र देऊन मोकळा झालो होतो. प्रयोगशाळेत मुलांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर कशामुळे काय झाले ते कळणार नाही. घरी आल्यावर मी ते पाळले नव्हते.

पहिला कॉम्प्युटर. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली. पुढच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला तर कधी दिसे, कधी नाही. मागच्या बाजूच्या खाचा थेट मुख्य बोर्डावर असतात. पुढच्या खाचा आतल्या एका जादा वायरीने जोडलेल्या असतात आणि ती सैल पडू शकते. मागच्या खाचेत पेनड्राइव्ह लगेच दिसला. म्हणजे कॉम्प्युटर ठीक. मोबाइल मागे लावला. नुसतेच चार्जिंग.

मग मोबाइलची खाच. मोबाइल पूर्ण बंद केला. पाठ फुगलेली नाही ना, ते बोटाने पाहिले. बॅटरी फुगली असेल तर असल्या उद्योगात पडू नये, तो मोबाइल जाणकाराकडेच द्यावा. सुई किंवा टाचणी घातली तर आतल्या पिना एकमेकींना टेकतात, म्हणून दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि अगदी हलक्या हाताने कडेकडेने फिरवली. आतून दाबून बसलेला पांढरा गोळा निघाला. कापूस! गादीच्या दुकानातला कापूस, खिशातून खिशात फिरत त्या खाचेत जाऊन बसला होता. माझे मलाच हसू आले. आता वायर आतपर्यंत बसली, 'टक्' असा आवाज झाला. पण कॉम्प्युटर तरीही गप्पच.

राहिली वायर आणि मोबाइलच्या आतली मांडणी. वायर कशी तपासायची? माझ्या मोबाइलची खाच नव्या पद्धतीची, सरळ-उलट कशीही बसणारी. जुनी वायर तिला लागत नाही. मोबाइलसोबत आलेली मूळ वायर कधीच हरवली होती. म्हणून ती वायर आणि मोबाइल पिशवीत घालून मी शाळेत नेले. वाटले, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावून पाहू.

मधल्या सुट्टीत वर्गातल्या टेबलावर ती वायर ठेवून मी हजेरी लिहीत होतो. नववीतली एक मुलगी मागच्या बाकावर बसते. कधी हात वर करत नाही. तिच्याबद्दल 'लक्ष देत नाही' असा शेरा मी आदल्याच आठवड्यात दिला होता. तिचे वडील बाजारात मोबाइलचे सुटे सामान विकतात, हे मला माहीत नव्हते. ती टेबलापाशी आली. वायर बोटांत धरून चुरगळल्यासारखी केली आणि म्हणाली, "सर, ये खाली चार्जिंगकी है. इसमें बात करनेके तारच नै."

मी म्हटले, "म्हणजे?"

तिने फळ्यावर काढून दाखवले. चांगल्या वायरीच्या पोटात चार तारा असतात. सहसा लाल, काळी, पांढरी आणि हिरवी. लाल-काळीतून पाच व्होल्टची वीज येते. पांढरी-हिरवीतून माहिती जाते-येते. स्वस्तातल्या वायरीत कित्येकदा पुढच्या दोन तारा नसतातच. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण ही बोटांना बारीक लागते. असली वायर लावली की मोबाइलला वाटते, आपण भिंतीच्या चार्जरला लागलो आहोत. कॉम्प्युटरला तर कुणी आल्याचेच कळत नाही.

'बर्की रौ'चा धडा मी या मुलीला शिकवला होता. ज्यातून वीज वाहते त्याला आम्ही उर्दूत 'मूसिल' म्हणतो. गजलेतला 'वस्ल' आणि हा 'मूसिल' एकाच धातूतून आलेले, जोडणारा, भेट घडवणारा. हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या हौसेने सांगतो. त्या दिवशी फळ्यापुढे खडू हातात घेऊन उभी असलेली ती मुलगी मला हेच शिकवत होती आणि मी मागच्या बाकावरच्यासारखा ऐकत होतो. तिचा शेरा मी नंतर बदलला. पण तो लिहिण्यापूर्वी तिला एकदा तरी फळ्यापाशी बोलावले होते का, हा प्रश्न काही बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांकडून चार तारांची वायर आणून दिली. पैसे देऊ केले तर म्हणाली, "अब्बा नको बोले."

घरी येऊन ती लावली आणि कॉम्प्युटरने 'टिंग' केले. आम्ही सगळे ओरडलो. पण पडद्यावर मोबाइलचे नाव दिसले, उघडले तर आत काहीच नाही. रिकामी खोली. भावाचा चेहरा उतरला. या वेळी मी कुणाकडे वळून पाहिले नाही. टाचणातला शेवटचा टप्पा बाकी होता.

2015 साली आलेल्या ॲण्ड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून मोबाइल कॉम्प्युटरला जोडला की आधी नुसते चार्जिंगच घेतो. मालकाने परवानगी दिल्याशिवाय आतले काही दाखवत नाही. परक्या कॉम्प्युटरला लावला तर कुणी चोरून पाहू नये, म्हणून केलेली ही सोय आहे. पडद्याचे कुलूप उघडावे लागते, वरची पट्टी खाली ओढावी लागते, तिथे यूएसबीची सूचना दिसते. तिच्यावर बोट ठेवले की 'फाइल ट्रान्सफर' असा पर्याय येतो. दोन तारांच्या वायरीवर ही सूचना आलीच नव्हती, आता आली. मी बोट ठेवले. तरीही अडले. कॉम्प्युटरच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये मोबाइलच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. म्हणजे ओळख पटवणारा ड्रायव्हर बिघडलेला. ते नाव तिथून काढून टाकले, वायर काढली, कॉम्प्युटर बंद-चालू केला, पुन्हा लावली. कॉम्प्युटरने नव्याने ओळख करून घेतली. 'डीसीआयएम' नावाचे कपाट उघडले, त्यात 'कॅमेरा', आणि त्यात अब्बांनी काढलेले चार हजारांवर फोटो.

एकदम उचलायला गेलो तर मध्येच संबंध तुटला. मग शंभर-शंभरचे गठ्ठे केले. 'कट' केले नाही, 'कॉपी'च केले. मध्ये तुटले तरी मूळ जागेवर राहावे म्हणून. रात्री साडेबाराच्या सुमारास शिफा ओरडली, "चच्चा, ये देखो!"

ट्रंकेच्या झाकणावर ठेवून काढलेला फोटो. एका कोपऱ्यात अब्बांचा अंगठा आलेला. तासगाव तालुक्यातल्या त्या गावाचे नाव, शाळेचा शिक्का, रजिस्टर नंबर, दाखल झाल्याचे साल 1942, आणि त्या रकान्यात 'मुसलमान पिंजारी'. फोटो काही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. पण त्याने गावाचा पत्ता आणि पानाचा नंबर दिला. चार दिवसांनी भाऊ आणि मी त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले, धूळ झटकली, पान उघडले. नवा उतारा सही-शिक्क्यासह हातात पडला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दादाचे नाव शाळेच्या पुस्तकात पाहून भाऊ बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून उभा राहिला. शिफाला दाखला मिळाला.

पण मला सांगायचे आहे ते त्या रात्रीचे. फोटोंनंतर मी व्हॉट्सॲपचे कपाटही उतरवून घेतले. त्यात बोललेल्या निरोपांच्या फाइली होत्या. त्यातली एक सहज लावली. अब्बांचा आवाज. "अरे, आते वख्त दही लेके आ. मीठा देख के ले." बस्स, एवढेच. घरात कुणी हलले नाही. अम्मीने पदर डोळ्यांना लावला. दाराशी अयान येऊन उभा होता.

भाभी हळूच म्हणाली, "भाईजी, वो वायर अयान ईदीके पैसेसे लाया था. हर जुम्मेकू नमाजसे आके दादाका मोबाइल चार्ज करता. बंद पड़ा तो दादाकी आवाज जाएगी बोलता."

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. बॅटरी रिकामी ठेवून वर्षानुवर्षे पडू दिली तर ती बहुधा पुन्हा उठत नाही, हे मला ठाऊक आहे. मोबाइल दोन वर्षे जिवंत राहिला तो त्या मुलाच्या ईदीमुळे, त्या दोन तारांच्या वायरीमुळे. आणि मी त्यालाच म्हटले होते, तूच वाट लावलीस.

यूएसबी ही जोडणी घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे एक प्रमुख. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तिची पहिली आवृत्ती 1996 सालची. प्रत्येक यंत्राला वेगळी वायर, वेगळी खाच, हा त्रास संपावा म्हणून हा खटाटोप होता. यंत्रांची सोय झाली. ती जोडली गेली नाहीत तर कुठे अडले, हे टप्प्याटप्प्याने शोधता येते. माणसांच्या बाबतीत आपण एवढी तसदी घेत नाही. मूल बोलत नाही, ऐकत नाही, शिकत नाही म्हटले की थेट मुलाला नाव ठेवतो. आपल्या शब्दांच्या वायरीत नुसते चार्जिंगच आहे का, ते कोण बघतो?

मी अयानला जवळ बोलावले. म्हणालो, "गलती मेरी थी, बेटा. बगैर देखे बोल्या मै." मोठ्यांनी लहानांची माफी मागण्याची आमच्या घरी चाल नाही. भाऊ चमकून बघत राहिला. अयानने मान हलवली. मग विचारले, "चच्चा, दहीवाला फिरसे लगाओ ना."

पुन्हा लावले. तिसऱ्यांदाही लावले.

सगळे फोटो आणि आवाज आता कॉम्प्युटरवर आहेत, पेनड्राइव्हवर आहेत, आणि एक प्रत शिफाकडेही आहे. एकाच जागी काही ठेवायचे नाही, हे पुराने शिकवलेले आम्ही विसरलो होतो. अयानची वायर मी फेकू दिली नाही. चांगल्या वायरीशी गल्लत नको म्हणून तिला दुकानातला गादी शिवायचा लाल दोरा बांधून ठेवला आहे. फोटो निघाले, काम झाले, तरी दर जुम्म्याला नमाजेहून आला की अयान अजूनही ती वायर दादाच्या मोबाइलला लावतो.